पिनबॉल यंत्रांतील स्मृती व दुरुस्ती : एक ऐतिहासिक आलोचन

पिनबॉल हा खेळ वरवर पाहता अगदी साधा आहे. काचेने झाकलेल्या, खेळणाऱ्याच्या बाजूस किंचित उतरत्या फळीवरून एक पोलादी गोळी घरंगळत खाली येते. ती तळाच्या मोकळ्या वाटेने निसटू नये म्हणून खेळणारा दोन बाजूंची बटणे दाबतो, आणि 'फ्लिपर' नावाचे दोन आखूड हात तिला पुन्हा वर टोलवतात. वाटेतील खुंट्या, पाती व लक्ष्ये यांना ती जितकी भिडेल तितके गुण. १९३१ पासून अशी यंत्रे प्रामुख्याने शिकागो शहरातील कारखान्यांतून फार मोठ्या संख्येने बाहेर पडली. ह्या खेळाचा सामाजिक इतिहास बराच लिहिला गेला आहे. न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये तो जुगार ठरवून त्यावर बंदी घातली व १९७६ मध्ये ती उठवली, ही हकीकत तर त्या विषयावरील बहुतेक पुस्तकांत सापडते. यंत्र बिघडल्यावर काय होत असे, ह्या प्रश्नाकडे मात्र इतिहासलेखकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. वस्तुतः नाणे टाकून चालणारे यंत्र बंद पडले की त्याचे उत्पन्न त्याच क्षणी थांबते. म्हणून दुरुस्ती हा त्याच्या इतिहासाचा परिशिष्टवजा भाग नसून गाभ्याचाच भाग होय. ह्या दृष्टीने पाहिले असता १९७७ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी यंत्राची स्मृती चाकादांड्यांतून निघून चिपांत गेली. आणि ती टिकवण्यासाठी जी वस्तू बसवण्यात आली तीच पुढे यंत्राच्या नाशाचे एक प्रमुख कारण ठरली.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगता येईल. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये 'बॅगाटेल' नावाचा मेजावरचा खेळ रूढ झाला. १८७१ मध्ये सिनसिनाटी येथील माँटेग्यू रेडग्रेव्ह ह्यांनी त्याला स्प्रिंगचा दट्ट्या जोडून एकस्व मिळवले. डेव्हिड गॉटलिब ह्यांचे १९३१ चे 'बॅफल बॉल' हे यंत्र साडेसतरा डॉलरना विकले जाई. त्यात वीज मुळीच नव्हती. खिळे वाकले तर सरळ करावे, स्प्रिंग सैल झाली तर बदलावी, इतकीच त्याची दुरुस्ती. तिला सुतारकी म्हणावयास हरकत नाही. १९३३ मध्ये हॅरी विल्यम्स ह्यांच्या 'काँटॅक्ट' ह्या यंत्रात कोरड्या बॅटरीवर चालणारे विद्युत्-चुंबक आले, गोळी आपोआप उडू लागली, घंटा वाजू लागली. यंत्र हलवून गोळी वळवणाऱ्या खेळाडूंना आवरण्यासाठी विल्यम्स ह्यांनीच एक युक्ती काढली. तिच्या सुधारलेल्या रूपात धातूचा लोलक कड्याला टेकला की डाव संपे. ह्या युक्तीला मिळालेले 'टिल्ट' हे नाव पुढे इंग्रजी बोलीत यंत्राबाहेरही पसरले.

ह्यानंतरच्या सुमारे चार दशकांच्या यंत्रांना विद्युत्-यांत्रिक असे म्हणतात. त्यांच्या रचनेकडे जरा सावकाश पाहिले पाहिजे, कारण पुढे जे हरवले ते काय होते हे त्याशिवाय कळत नाही. अशा यंत्राची पेटी उघडली की आत रिलेंच्या रांगा दिसतात. तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की लोखंडी पट्टी खेचली जाते व तिच्याबरोबर पात्यांचा एक जुडगा हलून काही संपर्क जुळतात, काही तुटतात. पन्नास गुण द्यावयाचे झाल्यास यंत्राला 'पन्नास' ही संख्या ठाऊक नसते. एक लहान मोटर फिरू लागते, तिच्या आसावरील कॅम पाच वेळा संपर्क जोडतात, आणि दहांचे गुणचक्र पाच घरे पुढे सरकते. चक्र नवावरून शून्यावर जाताना शेजारच्या शतकाच्या चक्राला एक घर ढकलण्याची सोयही पात्यांच्या संपर्कानेच केलेली असते. हातच्याची बेरीज पाटीवर जशी होते तशीच ती येथे लोखंडात होते.

ह्या यंत्राची स्मृती म्हणजे त्याच्या भागांची स्थिती. किती गुण झाले, हे चक्र कोणत्या घरावर उभे आहे त्यावरून ठरते. किती डाव शिल्लक आहेत, हे दातेरी चाक किती दाते पुढे गेले आहे त्यावरून. वीज तोडली तरी चाके जागच्या जागी राहतात. त्यामुळे गोदामात वीस-तीस वर्षे धूळ खात पडलेल्या यंत्रावरही शेवटच्या खेळाडूचे गुण तसेच दिसतात, आणि नवा डाव सुरू करताच चक्रे खटखट करीत शून्यावर येतात. अर्थात वंगण गोठून ती अडकली नसतील तर. जुन्या वस्तूंच्या अभ्यासकाला अशी आयती नोंद फार थोड्या साधनांत मिळते.

बिघाडही तसाच उघडा असे. पाच ठोक्यांऐवजी चार ऐकू आले की कारागिराचे कान टवकारत; एखाद्या कॅमचे पाते वाकले असावे किंवा संपर्कबिंदू मळला असावा, हे न पाहताच त्याला कळे. चांदीच्या संपर्कबिंदूंमध्ये कोऱ्या जाड कागदाची पट्टी धरून ओढली की मळ निघतो; चांदी मऊ असल्याने तिला कानस लावीत नाहीत. फ्लिपरच्या स्विचांचे संपर्कबिंदू मात्र टंगस्टनचे असतात. त्यांतून मोठा प्रवाह जातो, ठिणग्यांनी ते खडबडीत होतात, आणि तेथे कानस चालते. फ्लिपरच्या वेटोळ्यात वस्तुतः दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे, जोरदार तडाखा देणारे. दुसरे बारीक तारेचे, हात वर धरून ठेवण्यापुरते. फ्लिपर पूर्ण वर गेला की तो एका पात्याला ढकलतो, आणि मग प्रवाहाला बारीक तारेतूनही जावे लागते. हे पाते उघडले नाही तर जाड तारेतून पूर्ण प्रवाह वाहत राहतो, आणि बटण काही वेळ दाबून धरताच जळका वास येतो. उलट ते नीट जुळतच नसेल तर फ्लिपर दुबळा होतो व गोळी अर्ध्या वाटेतून परत येते. एकाच पात्याचे हे दोन विरुद्ध दोष, आणि दोन्ही डोळ्यांना दिसणारे.

डोळ्यांना दिसणारे म्हणजे सोपे, असे मात्र समजू नये. प्रत्येक यंत्राबरोबर कारखाना विद्युत्मंडलाचा एक मोठा आराखडा देत असे, आणि तो वाचणे ही स्वतंत्र विद्या होती. यंत्रातील शेकडो संपर्क क्षणोक्षणी बदलतात; कागदावर ते एकाच स्थितीत दाखवावे लागतात. म्हणून आराखडा यंत्राच्या कोणत्या अवस्थेत काढला आहे ह्याची टीप त्यावर छापलेली असे, आणि ती न वाचता पुढे जाणारा कारागीर हमखास फसे. कोशात धातूचे एकच रूप नोंदलेले असते. बाकीची रूपे वाचकाने नियमांनी साधावयाची असतात. येथेही तेच. कागदावर तुटलेला दिसणारा संपर्क प्रत्यक्षात जुळलेला असणे हाच पुष्कळदा यंत्राचा योग्य व्यवहार असतो.

पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात १९७१ मध्ये आला. डेव्ह नटिंग व जेफ फ्रेडरिकसन ह्यांनी १९७४ मध्ये बॅली कंपनीच्या 'फ्लिकर' ह्या यंत्रातील रिले काढून त्या जागी इंटेल ४००४ बसवून दाखवला. विक्रीस आलेले पहिले इलेक्ट्रॉनिक पिनबॉल म्हणजे फीनिक्स येथील मर्को कंपनीचे १९७५ चे 'स्पिरिट ऑफ ७६'. त्याने फारशी छाप पाडली नाही. मोठ्या कंपन्या वळल्या त्या १९७७ मध्ये : बॅलीचे 'फ्रीडम', विल्यम्सचे 'हॉट टिप', गॉटलिबचे 'क्लिओपात्रा'. ही तिन्ही यंत्रे विद्युत्-यांत्रिक व इलेक्ट्रॉनिक अशा दोन्ही स्वरूपांत निघाली, ही गोष्ट इतिहासकाराच्या दृष्टीने मोलाची आहे. खेळ तोच, आतील यंत्रणा मात्र वेगळी; तुलनेसाठी ह्याहून सोयीचे साधन क्वचितच सापडेल. वीज बंद केल्यावर पहिल्या प्रकारच्या 'फ्रीडम'वर गुण दिसत राहतात. दुसऱ्या प्रकारच्या 'फ्रीडम'वर काळी काच दिसते.

नव्या यंत्रात रिलेंचे बहुतेक जंगल गेले आणि तारांचे जाळे विरळ झाले. खेळाच्या फळीवरील प्रत्येक स्विचाला स्वतंत्र तार नेण्याऐवजी त्यांची उभ्या-आडव्या ओळींत मांडणी करण्यात आली. विल्यम्सच्या यंत्रांत आठ उभ्या व आठ आडव्या तारांवर ६४ स्विच बसतात. प्रोसेसर एकेका उभ्या तारेला क्रमाने हाक देतो व आडव्या तारांवर उत्तर येते का ते पाहतो. आपल्या वर्णमालेतील स्पर्शव्यंजनांचा तक्ता ज्याने अभ्यासिला आहे त्याला ही रचना परकी वाटू नये. तेथे वर्णाची ओळख स्थान व प्रयत्न ह्या दोन निर्देशकांनी होते, येथे स्विचाची ओळख स्तंभ व ओळ ह्यांनी. निदानही त्याच रीतीचे. एखादे मूल फक्त 'ढ' चुकत असेल तर दोष त्या वर्णापुरता. ख, छ, ठ, थ, फ हे सगळेच चुकत असतील तर कारण महाप्राणाच्या उच्चारणातच शोधावे लागते. यंत्रात एकच स्विच मुका झाला तर तो स्विच किंवा त्याचा डायोड तपासावा. आख्खी ओळ मुकी झाली तर तार, जोडणी अथवा चिप. प्रत्येक स्विचाला डायोड असतो तो प्रवाह उलट्या वाटेने जाऊ नये म्हणून. तो डायोड आरपार गेला की एक चमत्कारिक प्रकार घडतो. आयताच्या तीन कोपऱ्यांवरचे स्विच जुळलेले असताना चौथ्या कोपऱ्यावरचा स्विच कोणी न दाबताही जुळल्यासारखा भासतो, आणि गोळी ज्या लक्ष्याजवळ फिरकलीही नाही त्याचे गुण मिळतात. दोष एका ठिकाणी, लक्षण दुसऱ्याच ठिकाणी. विद्युत्-यांत्रिक यंत्रातही असे घडत नसे असे नाही, पण तेथे बोटाने तारेचा माग काढता येई.

दोष दिसेनासा झाला तेव्हा यंत्रालाच तो सांगावयास शिकवण्यात आले. बॅलीच्या मुख्य बोर्डावर एक लहान तांबडा दिवा असतो. वीज सुरू होताच तो क्षणभर लुकलुकतो आणि मग, सर्व ठीक असल्यास, सात वेळा चमकतो. प्रत्येक चमक म्हणजे एक उत्तीर्ण परीक्षा : प्रथम कायम स्मृती, मग दोन प्रकारच्या बदलत्या स्मृती, मग बाहेरच्या जगाशी देवाणघेवाण करणाऱ्या दोन चिपा, सहाव्यांदा गुणदर्शकाला ताल देणारे मंडल, आणि शेवटी वेटोळ्यांना लागणाऱ्या ४३ व्होल्टच्या पुरवठ्याचा ठोका. सहा चमका होऊन दिवा थांबला तर कारागीर बोर्डाला हातही लावीत नाही. आधी फ्यूज पाहतो. ह्याशिवाय नाण्याच्या दारामागे एक बटण असते. ते दाबत गेल्यास यंत्र सर्व दिवे लुकलुकवते, गुणदर्शकांवर अंक फिरवते, एकेक वेटोळे वाजवून त्याचा क्रमांक दाखवते व अडकलेल्या स्विचाचा क्रमांक सांगते. १९७९ मध्ये विल्यम्सच्या 'गॉर्गार' ह्या यंत्राला खरोखरीची वाचा देण्यात आली; तिचा शब्दसंग्रहही योगायोगाने सातच शब्दांचा होता, आणि त्याच्या व्याकरणाविषयी न बोललेले बरे. तथापि कारागिराच्या दृष्टीने ते दिव्याचे सात संकेत अधिक बोलके होते. त्यांची मर्यादा एवढीच की जो बोलतो तोच निकामी झाला तर संकेत मिळत नाहीत. दिवा नुसता जळत राहतो, आणि त्या स्थिर प्रकाशाचा अर्थ पुष्कळदा असा असतो की प्रोसेसरने काम सुरूच केलेले नाही.

तो काम सुरू का करीत नाही, ह्याचे उत्तर बहुतेक वेळा बोर्डाच्या एका कोपऱ्यात हिरव्या-पांढऱ्या बुरशीसारखे दिसते. सर्वाधिक गुण, शिल्लक डाव, नाण्यांचा हिशेब ह्या गोष्टी वीज गेल्यावरही राहाव्यात म्हणून बॅलीने बोर्डावरच ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन बसवली. तिच्या आधारावर ५१०१ नावाची एक चिप आपली स्मृती राखून असे. ह्या चिपेत चार-चार बिटांची २५६ घरे, म्हणजे मोजून १०२४ बिटे. विद्युत्-यांत्रिक यंत्रातील स्मृतीला कोणाच्या आधाराची गरज नव्हती. ह्या स्मृतीला होती. यंत्र रोज चालू असे तोवर बॅटरी भरत राही व काही बिघडत नसे. यंत्र अडगळीत पडले की ती जुनी होऊन पाझरू लागे. आतील पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा तीव्र अल्क तांब्याच्या रेषांवर पसरे, हिरव्या लेपाखाली शिरे, चिपांच्या बैठकींत उतरे, कधी जोडणीच्या तारांत आतपर्यंत जाऊन त्या काळ्या करी. आणि वीज स्थिर होईपर्यंत प्रोसेसरला थोपवून मग मोकळा सोडणारे मंडल नेमके त्या बॅटरीच्या शेजारी होते. विल्यम्सने बोर्डावरच्या खाचेत साधे सुटे सेल ठेवले. ते बदलता येत, पण बदलावयाचे कोणी लक्षात ठेवले नाही तर परिणाम तोच. ह्या रचनेला चूक म्हणावे काय? ही यंत्रे काही वर्षे नाणी मिळवून मोडीत निघावीत ह्याच अपेक्षेने बांधली जात. तीन-चार दशकांनी कोणी ती जपू पाहील हे आराखडा काढणाऱ्यांच्या हिशेबात असण्याचे कारण नव्हते. दोष द्यावयाचाच तर तो त्या अपेक्षेला द्यावा लागेल.

उपचार रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्याइतका साधा आहे. बॅटरी कापून काढावी, खराब चिपा व बैठकी उतरवाव्यात, गंज घासून तांबे लख्ख करावे, अल्काचा परिणाम मारण्यासाठी पाणी घातलेला व्हिनेगर लावावा, मग स्वच्छ पाण्याने व शेवटी अल्कोहोलने धुऊन वाळवावे. तुटलेल्या रेषांच्या जागी बारीक तारा डाखाव्यात. व्हिनेगर न लावता नुसते घासले तर काही महिन्यांनी गंज परत येतो. पूर्वी दुरुस्त झालेल्या बोर्डांवर हे प्रकर्षाने दिसते. आज बॅटरीच्या जागी विजेशिवाय स्मृती राखणारी चिप बसवण्याची रीत आहे. एका अर्थाने यंत्राची स्मृती पुन्हा निराधार टिकणारी झाली.

उरलेले नेहमीचे बिघाड कमी नाट्यपूर्ण, पण अधिक चिकट. खेळाच्या धक्क्यांनी जोडणीच्या खिळ्यांभोवतीच्या डाखाला केसाएवढी चीर जाते. ती भिंगाशिवाय दिसत नाही, आणि यंत्र तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते. विल्यम्सच्या त्या काळच्या यंत्रांत मुख्य बोर्ड व चालक बोर्ड ह्यांना जोडणारा चाळीस खिळ्यांचा एक दुवा होता. त्याच्याइतकी अपकीर्ती क्वचितच कोणा दुव्याच्या वाट्यास आली असेल. वेटोळ्यांना प्रवाह सोडणारे ट्रान्झिस्टरही वारंवार जातात. येथे घाईने नवा ट्रान्झिस्टर डाखणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथेच येतो. प्रवाह तोडताक्षणी वेटोळ्यात उलट दाबाचा जबर झटका निर्माण होतो. तो गिळण्यासाठी वेटोळ्यावर एक डायोड असतो. त्याची तार धक्क्यांनी तुटलेली असली तर प्रत्येक नवा ट्रान्झिस्टर त्या झटक्याला बळी पडतो. जळालेला भाग हा दोष नसून दोषाचा परिणाम असतो, हा भेद विद्युत्-यांत्रिक यंत्रावर तयार झालेल्या कारागिरांना उमगत नव्हता असे नव्हे. पण तेथे कारण व परिणाम एकाच पात्यावर भेटत, येथे त्यांच्यामध्ये दोन-तीन फुटांची तार व न दिसणारा एक क्षण असे. गुणदर्शकांना लागणारा १९० व्होल्टपर्यंतचा दाब हा आणखी एक नवा धोका. जुन्या यंत्रात पाती साफ करणाऱ्या हातांना चालू मंडलात वावरण्याची सवय जडलेली होती.

ह्या सर्वांचा परिणाम दुरुस्ती करणाऱ्या वर्गावर झाला. पूर्वी गल्लोगल्ली यंत्रे ठेवणाऱ्या ठेकेदाराचा माणूस कानस, पाते वाकवण्याचे अवजार व आराखडा घेऊन जागेवरच काम उरकी. १९७७ नंतर बोर्ड काढून दुसरा बसवणे व बिघडलेला कार्यशाळेत पाठवणे ही पद्धत आली. निदान करणारा व यंत्रासमोर उभा राहणारा ही दोन वेगळी माणसे झाली. कंपन्यांना त्याचा तोटा वाटला नाही. बॅलीच्या १९७७ च्या 'एट बॉल' ची २०,२३० यंत्रे निघाली, आणि तो आकडा १९९२ च्या 'ॲडम्स फॅमिली' पर्यंत कोणी मागे टाकला नाही. पुढे व्हिडिओ खेळांनी ती बाजारपेठ आक्रसली. गॉटलिबचा वारसा सांगणारा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, विल्यम्सने १९९९ मध्ये पिनबॉल सोडले. यंत्रे दुकानांतून घरांत गेली. २००६ मध्ये लास व्हेगास येथे सुरू झालेल्या 'पिनबॉल हॉल ऑफ फेम' सारख्या संस्थांत ती खेळण्यासाठीच मांडण्यात आली. तेव्हा कारखान्यांच्या मागे राहिलेला प्रश्न पुढे आला : जी चिप आता कोठेच बनत नाही तिचे काय करावयाचे?

बॅली व विल्यम्स ह्यांनी मोटोरोलाचा सर्वत्र मिळणारा ६८०० प्रोसेसर व त्याचे सोबती वापरले होते. त्यांचे जुने साठे व पर्याय अजून हाती लागतात. गॉटलिबने १९७७ च्या यंत्रांसाठी रॉकवेल कंपनीच्या खास चिपा घेतल्या. त्यांत प्रोसेसर, स्मृती व देवाणघेवाण एकमेकांत गुंतलेली असून त्यांना पर्याय नाही. एक चिप गेली की कारागिराच्या कौशल्याचा उपयोग संपतो. म्हणून त्या मालिकेसाठी संपूर्ण नवे बोर्ड तयार करण्यात आले. ते विश्वसनीय आहेत, त्यांत पाझरणारी बॅटरी नाही, खेळही मूळच्यासारखा होतो. जाणत्या संग्राहकांत मूळ बोर्ड पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. गंजलेल्या रेषा, जुने डाख व बदललेल्या चिपा ह्यांत त्या यंत्राच्या वापराचा जो पुरावा आहे तो नव्या बोर्डात असू शकत नाही. विद्युत्-यांत्रिक 'क्लिओपात्रा' मात्र आजही पाती घासून चालू करता येते. नव्या बोर्डात त्या मालिकेतील सर्व खेळांचे कार्यक्रम एकत्र साठवलेले असतात. बोर्ड कोणत्या यंत्रात बसवला आहे हे त्याला कळावे म्हणून त्यावरील बारीक स्विचांची एक रांग हाताने लावावी लागते.